कोकणात गाडी चालवायची, तर टायरची हवा घरच्या अंगणात मोजा

तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आईला तपासणीसाठी कराडला नेत होतो. गुहागरहून निघालो, चिपळूण मागे पडलं, पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीची मागची बाजू बाहेर सरकतेय असं वाटायला लागलं. पाऊस कोसळत होता, धुकं उतरलं होतं. टायरमधली हवा कमी झाली की समोरच्या पॅनेलवर लागतो तो दिवा बंद होता, म्हणून भास समजून मी तसाच पुढे गेलो. कोयनानगरला थांबून हवा मोजून घेतली तेव्हा मागच्या डाव्या टायरमध्ये २० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) निघाली. हवी होती ३३. आणि ही २० तापलेल्या टायरमधली, म्हणजे सकाळी निघताना त्याहूनही कमी असणार.

दिवा का लागला नाही, ते नंतर कळलं. पंधरा दिवसांपूर्वी तो लागला होता, आणि मी हवा न मोजताच रीसेटचं बटण दाबून तो घालवला होता. त्यामुळे अर्धवट हवेचं ते टायर हीच आपली नेहमीची स्थिती, असं गाडीने धरून ठेवलं. त्यानंतर मी हवा मोजायचं गेज विकत घेतलं. आता घाटात जायचं असेल तर चारही चाकं अंगणात तपासल्याशिवाय गाडी हलवत नाही. मागे बसलेल्या आईला यातलं काहीच कळलं नव्हतं, हे आठवलं की अजून अस्वस्थ व्हायला होतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आकडा कुठे बघायचा

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीच्या खांबावर एक स्टिकर असतं. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतं. त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात आणि बहुतेकदा दोन रकाने असतात: दोन-तीन माणसं असताना किती आणि गाडी पूर्ण भरलेली असताना किती. तुमच्या गाडीला लागू असलेला आकडा तोच. आकडे बारमध्ये असतील तर १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. २.३ बार किंवा २३० किलोपास्कल लिहिलं असेल, तर ते ३३ पीएसआय झाले.

टायरच्या बाजूवर ‘मॅक्स’ म्हणून कोरलेला आकडा वेगळा. ती त्या टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. पंपावर “किती टाकू?” विचारल्यावर “सगळ्यांत पस्तीस टाक” म्हणणारे बरेच भेटतात. पस्तीस कुठून आले, ते कोणालाच सांगता येत नाही. स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तेवढं पुरतं.

हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त दुमडते, आत उष्णता साठते आणि आतले दोरे कमकुवत होतात. घाटात चढाला किंवा भर मे महिन्यात महामार्गावर टायर फुटतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. हवा जास्त झाली की टायर मधोमध फुगतं, रस्त्याला कमी टेकतं आणि खड्ड्यात जास्त मार खातं. तसंही एक चाक रस्त्याला टेकतं ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. ओल्या वळणावर गाडी धरून ठेवतात ते हे चार तळहात.

थंड टायर म्हणजे काय आणि ते मोजायचं कसं

स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. गाडी किमान तीन तास उभी असेल, किंवा दोन किलोमीटरहून जास्त चाललेली नसेल, तर टायर थंड. गुहागरहून चिपळूण साधारण ४५ किलोमीटर. म्हणजे चिपळूणच्या पंपावर पोचेपर्यंत टायर चांगलं तापलेलं असतं आणि तिथे दिसणारा आकडा खरा नसतो. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. तापलेल्या टायरमध्ये ३७ बघून तुम्ही चार पीएसआय सोडून दिलेत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते टायर २९ वर असेल. म्हणून गरम टायरमधली हवा कधीच सोडू नका. वाटेत टायर बसल्यासारखं दिसलं आणि गरम असतानाच भरावी लागली, तर स्टिकरच्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरा आणि सकाळी थंड असताना नीट करा.

पद्धत अशी:

१. सकाळी, ऊन अंगणात येण्याआधी बघा. एका बाजूच्या चाकांवर ऊन आणि दुसऱ्या बाजूला माडांची सावली असेल तर दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत.

२. व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवा. मातीत पडली की तिच्यातले वाळूचे कण पुन्हा व्हॉल्व्हवरच जाऊन बसतात.

३. गेज सरळ आणि घट्ट दाबा. फुस्स आवाज येत राहिला तर ते नीट बसलेलं नाही. दोनदा मोजा, आकडा सारखा आला पाहिजे.

४. कमी असेल तर भरा. बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप घरी असणं कोकणात फार सोयीचं, कारण जवळचा पंप कित्येकदा दहा-पंधरा किलोमीटरवर असतो. पंपावरच्या आकड्यावर विसंबू नका, आपल्या गेजने पुन्हा बघा.

५. व्हॉल्व्हवर थुंकीचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब लावा. बुडबुडा आला तर आतली पिन गळतेय. मग टोपी लावा.

६. स्टेपनी बघा. ती मोजायला सगळेच विसरतात.

आकडे वहीत लिहून ठेवा. निरोगी टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतं. एखादंच टायर आठवड्यात तीन-चारने उतरत असेल, तर पंक्चरवाल्याकडे जायची वेळ झाली. हे वहीशिवाय कळत नाही, कारण हल्लीचं रेडियल टायर दहा पीएसआय उतरलं तरी डोळ्यांना फारसं वेगळं दिसत नाही. पंधरा दिवसांनी एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी, एवढं पुरे.

पुण्याहून येणाऱ्यांसाठी एक बारकावा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. गेज दाखवतं तो बाहेरच्या हवेच्या तुलनेतला दाब, आणि खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त असतो. म्हणून पुण्यात नीट ३३ भरलेलं टायर ताम्हिणी उतरून किनाऱ्यावर आल्यावर, तापमान तेच असेल, तर साधारण एक पीएसआय कमी दाखवतं. खाली उष्मा जास्त असतो, त्याने थोडी भरपाई होते. घाबरण्यासारखं यात काही नाही, पण चार दिवस मुक्काम असेल तर एकदा सकाळी मोजून घ्या.

टायरचा दिवा काय सांगतो, काय सांगत नाही

टायरवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, दोन प्रकारची असते. थेट प्रकारात प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या मागे सेन्सर असतो आणि तो दाब मोजून रेडिओ लहरींनी कळवतो. अशा गाड्यांत बहुधा पॅनेलवर चारही आकडे दिसतात. दुसऱ्या प्रकारात सेन्सरच नसतो. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त फेरे घेतं. एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाकांचे फेरे मोजतच असतात, त्यावरून गाडी अंदाज बांधते. रीसेटचं बटण असेल आणि आकडे दिसत नसतील, तर तुमची यंत्रणा बहुतेक ही दुसरी.

या दुसरीच्या मर्यादा माझ्यासारख्या घाटात कळू नयेत. रीसेट करता त्या क्षणी टायरमध्ये असेल ती हवा ती बरोबर मानते. म्हणून आधी मोजायचं, भरायचं आणि मगच बटण दाबायचं. चाकांची अदलाबदल केली किंवा नवं टायर टाकलं तरी हाच क्रम. शिवाय चारही टायर हळूहळू सारखीच उतरली तर चाकांच्या फेऱ्यांत फरक पडत नाही आणि दिवा लागत नाही. मुंबईच्या सोसायटीत तीन महिने उभी असलेली गाडी गणपतीला काढली जाते, तेव्हा नेमकं हेच झालेलं असतं.

सेन्सरवाली यंत्रणा जास्त भरवशाची, पण दिवा तीतही उशिराच लागतो. अमेरिकेतल्या नियमात दाब शिफारशीपेक्षा २५ टक्क्यांनी उतरला की इशारा द्यायचा, असं आहे. म्हणजे ३३ चे जवळपास २५ होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. दिवा लागला की दोनशे मीटरवर दिसणारं वळण संपवून सुरक्षित जागी थांबायचं, “घरी गेल्यावर बघू” म्हणायचं नाही. सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ यंत्रणेतच बिघाड आहे. सेन्सरमधली बॅटरी पाच ते दहा वर्षं चालते आणि सहसा सेन्सरच बदलावा लागतो.

टायर बदलायला गेलात तर आत सेन्सर आहेत हे दुकानदाराला आधी सांगा. टायर रिमवरून काढणाऱ्या यंत्राने ते सहज तुटतात.

खारा वारा

माझ्या त्या टायरला खिळा लागलेला नव्हता. रिमच्या कडेला, जिथे टायर घट्ट बसतं, तिथे गंज धरला होता. गंजाने पृष्ठभाग खडबडीत झाला आणि हवा केसाएवढ्या फटीतून जात राहिली. समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत गाडी उभी राहत असेल, तर लोखंडी रिमचं हे दुखणं कधी ना कधी येणारच. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात बुडवलं आणि बुडबुडे कडेने आले, तर टायर उतरवून रिमची कड तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. गंज खोल असेल तर रिमच बदला.

अॅलॉय रिमवरही खाऱ्या हवेचा परिणाम होतो. सेन्सरचा व्हॉल्व्ह अॅल्युमिनियमचा असेल आणि त्यात कोणी साधी पितळी पिन किंवा पितळी टोपी बसवली, तर दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना खातात आणि टोपी निघता निघत नाही. तिथे निकेलचा मुलामा असलेली पिन आणि प्लास्टिकची टोपी हवी. रबरी व्हॉल्व्ह नवीन टायरबरोबर नवीनच घ्या. थोड्या पैशांची वस्तू आहे.

आणि गाडी पुळणीवर नेऊ नका. किनाऱ्याच्या गावांत दर सुट्टीला कोणाची तरी गाडी रुतते, मग ट्रॅक्टर शोधायची धावपळ, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. खारं पाणी चाकांना लागलंच, तर त्याच दिवशी रिम आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवा.

आगोटीची कामं

मे संपताना आपण लाकडं भरतो, कौलं चाळतो, पापड-कुरडया डब्यात भरतो. त्याच यादीत टायर घाला. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यात गोटा झालेलं टायर घेऊन फिरणं फार धोक्याचं.

टायरच्या मोठ्या खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. ते कुठे आहेत हे दाखवायला बाजूवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली, की खोली १.६ मिलिमीटर उरली. कारसाठी आपल्याकडे कायद्याने हीच किमान मर्यादा आहे. नव्या टायरची खोली साधारण आठ मिलिमीटर असते. माझं मत असं, की तीन मिलिमीटरच्या खाली गेलेलं टायर पावसाळ्यात ठेवू नये. मे महिन्यात बदलायचं की दिवाळीत, असा प्रश्न असेल तर मे महिन्यातच बदला.

कारण सरळ आहे. खाचा पाणी बाहेर फेकतात. त्या उथळ झाल्या, की वेगात चाकाखाली पाण्याचा थर राहतो, चाक त्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. विमानांच्या टायरवर १९६० च्या दशकात नासाने केलेल्या प्रयोगांतून यासाठी एक सूत्र निघालं आणि त्यात वेग थेट टायरमधल्या दाबाशी बांधलेला आहे. त्यात ३३ पीएसआय घातले तर तरंगण्याचा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो, २५ घातले तर ८३ वर उतरतो. कारला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, आणि झिजलेलं टायर त्याहून कमी वेगातही तरंगतं, पण हवा कमी म्हणजे धोका लवकर हे त्यातून पक्कं समजतं. तसं झालंच तर ब्रेक मारू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, चाक पुन्हा रस्ता पकडेपर्यंत थांबा.

टायरचं वयही बघा. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी दरवर्षी जाणकाराला दाखवा आणि दहा वर्षांपुढे वापरूच नका. गावच्या घरी वर्षातून महिनाभर चालणाऱ्या गाड्यांची टायरं झिजत नाहीत, पण रबर उन्हाने कडक होतं आणि बाजूला बारीक भेगा पडतात. नवं घेताना आकार बघा: १८५/६५ आर १५ ८८ एच यात १८५ मिलिमीटर रुंदी, उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ इंची रिम, ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. शेवटचे दोन मूळ टायरपेक्षा कमी नकोत.

ओझं

चाकरमानी गणपतीला येतात ते पाच माणसं, डिकीभर सामान आणि टपावर कॅरिअर घेऊन. परतताना तांदूळ आणि नारळ. मे महिन्यात आंबा. एक फळ पाव किलोचं धरलं तरी पाच डझनी पेटीत १५ किलो नुसतं फळ, सहा पेट्या म्हणजे ९० किलो, वर लाकूड आणि गवत. डिकीत दीड माणूस बसवल्यासारखं झालं, आणि तो सगळा भार मागच्या चाकांवर. स्टिकरवरचा दुसरा रकाना याच दिवसासाठी आहे. निघायच्या सकाळी मागच्या टायरमध्ये त्याप्रमाणे हवा वाढवा, आणि घरी पोचून गाडी रिकामी झाल्यावर दुसऱ्या दिवशी परत कमी करा.

भरलेल्या गाडीने घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात, त्यांची उष्णता रिममध्ये आणि तिथून टायरमध्ये जाते.

जांभ्याच्या कडा, खड्डे आणि पंक्चर

आपल्याकडे टायरच्या बाजूच्या भिंतीला सर्वांत जास्त धोका अरुंद रस्त्यांवर असतो. समोरून एसटी आली की आपण डावीकडे उतरतो, आणि डांबराची तुटकी कड किंवा गडग्यातून सुटलेला चिरा बाजूला घासतो. उतरायचंच असेल तर वेग अगदी कमी करून उतरा. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही, त्यामुळे त्याआधीच ब्रेक लावा, खड्ड्यात चाक असताना नको. तेव्हा गाडीचा भार पुढे आलेला असतो आणि दणका दुप्पट बसतो.

अशा दणक्यानंतर टायरच्या बाजूवरून हात फिरवा. कुठे फुगा आला असेल तर आतले दोरे तुटलेत. त्याला दुरुस्ती नाही. तो घेऊन घाटात जाऊ नका.

पंक्चर नक्षीच्या भागात आणि सहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल तरच काढण्यासारखं. बाहेरून दोरी भरणं हा घरी पोचण्यापुरता उपाय. नंतर टायर उतरवून आतून पॅच लावून घ्या. कडेला किंवा बाजूच्या भिंतीला पंक्चर असेल तर टायर बदलणं हाच मार्ग.

झीज कशी झालीय, त्यावरून दुखणं ओळखता येतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहतेय. मधला पट्टा झिजला तर जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन बिघडलाय. ७०-८० च्या वेगात स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा तोल गेलाय. आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करून घ्या.

घाटात चाक बदलावं लागलं तर

स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे १९०४ मध्ये पहिलं जादा चाक तयार झालं. तिकडे हा शब्द जवळपास विसरला गेला, आपल्या गॅरेजांत रोज बोलला जातो. पण चाक मात्र नव्या गाड्यांतून जायला लागलंय. २०२० च्या नियमबदलानुसार टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर ट्यूबलेस टायरच्या कारला स्टेपनी सक्तीची नाही. किट खिळ्याच्या भोकाला चालतं, चिऱ्याने फाडलेल्या बाजूला नाही. डिकीचं तळ उचलून आपल्याकडे काय आहे ते आजच बघा, आणि स्टेपनी नसेल तर घाटाच्या प्रवासाला जमेल तसं एक चाक बरोबर घ्या.

बदलताना: वळणावर थांबू नका, सपाट आणि रुंद जागेपर्यंत हळू चालवत न्या. रिम खराब झाली तरी चालेल. धोक्याचे दिवे लावा, माणसांना उतरवून डोंगराच्या बाजूला, दरड सैल नाही असं बघून, गाडीपासून लांब उभं करा. लाल त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा. मागे वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला आधी दिसेल. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि उताराच्या बाजूने चाकांना दगड लावा. नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. पावसाळ्यात जॅक तांबड्या मातीत रुततो, म्हणून फूटभर लांबीची जाड फळी डिकीत कायम ठेवा आणि जॅक तिच्यावर, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. गाडी उचलली की काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवा, जॅक घसरलाच तर गाडी त्यावर बसेल. गाडीखाली हात-पाय घालू नका. नवं चाक लावून नट आधी हाताने, मग समोरासमोरचे असे आलटून-पालटून घट्ट करा, गाडी खाली घ्या आणि पान्याने शेवटचा जोर लावा.

एकट्याने जमणार नसेल तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ लावता येतो. घाटात कित्येक ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे एसटीच्या चालकाला हात करा. ते थांबतात, असा माझा अनुभव आहे.

बारीक स्टेपनीवर ताशी ८० च्या वर जाऊ नका. पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा, आणि पंक्चर झालेलं चाक त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. परतीच्या वाटेवरही तोच घाट आहे.